कळलावी लाव, पण डोंगर खणू नकोस

भोर,
श्रावण

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. वेल्ह्याकडच्या आपल्या वरकस रानात अर्धा एकर कळलावी लावायची म्हणतेस. शिवाय कुणी व्यापारी येऊन गेला, कंद हवेत म्हणाला, डोंगरातून काढून दिलेत तरी चालतील असंही म्हणाला. या दोन गोष्टींची उत्तरं वेगवेगळी आहेत. लागवड कर, मी तुझ्या पाठीशी आहे. पण डोंगरातला एकही कंद काढू नकोस, आणि गावातल्या कुणाला काढायला लावू नकोस. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो. एवढं वाचून झाल्यावर तू काय ते ठरव.

सध्या भोरहून वरंध घाटाच्या रस्त्याला लागलं की करवंदीच्या जाळ्यांवर, शेराच्या कुंपणांवर कळलावी फुललेली दिसते. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या बांधांवरही ती आहे. फुलापाशी सगळेच थांबतात. तू आधी पानापाशी थांब. लांबट, देठ नसलेलं पान टोकाकडे निमुळतं होत जातं आणि शेवटी त्याचा नुसता दोरा उरतो. हा दोरा हवेत हळूहळू वळत राहतो आणि काटकी लागली की तिला दोन-तीन वेढे घालतो. काकडीला, कारल्याला ताणे वेगळे फुटतात. हिच्या पानाचं टोकच ताणा होतं. वेल तशी बारीक आणि कमकुवत, स्वतःच्या बळावर उभी राहणारी नव्हे, पण अशा शे-दीडशे टोकांनी जाळी धरून ती पुरुषभर उंच जाते. एक लक्षात ठेव, बुडाजवळच्या पहिल्या काही पानांना हा ताणा नसतो. त्यामुळे कोवळी, नुकती वर आलेली कळलावी ओळखायला कठीण जाते. आषाढात पोरं रानभाजी खुडायला जातात तेव्हा म्हणूनच सोबत जाणतं माणूस हवं.

आता फूल. कळी हिरवी असते आणि मान खाली घालून लटकते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी होतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाला केशरी, शेवटी पूर्ण लाल. हा रंगबदल काही दिवस चालतो, म्हणून एकाच वेलीवर सगळ्या छटा एकदम दिसतात. सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरतात. स्त्रीकेसर मात्र बुडापाशीच काटकोनात वाकून बाजूला जातो. आपल्याच फुलातल्या परागांपासून तो लांब राहतो आणि मोठ्या फुलपाखरांची, शिंजीरांची वाट बघतो. हा बाक नीट पाहून ठेव. शेतात तुझी निम्मी मेहनत त्याच्यापायी होणार आहे.

आपल्याकडे हिला खड्यानागही म्हणतात, संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली. घाट उतरून कोकणात गेलीस तर कित्येक गावांत गौरीच्या पूजेला ही फुलं आणतात, गोव्यात गणपतीच्या माटोळीला बांधतात. घाटावर मात्र पुष्कळ घरांत कळलावी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, आणली की घरात भांडण लागतं म्हणतात. तुझ्या पिढीला हे हसू येण्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्या झाडाचा कंद, बी, पान सगळंच विषारी, ते रांगत्या पोराच्या घरापासून लांब ठेवायला या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या मदतच केली आहे.

विषाबद्दल मी तुला काहीही झाकून सांगणार नाही, कारण शेतात मजूर तुझे असतील. कळलावीत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं. आपल्या शरीरात पेशी विभागताना गुणसूत्रांच्या दोन सारख्या वाटण्या होतात आणि बारीक तंतू त्या वाटण्या दोन टोकांना ओढून नेतात. कोल्चिसीन त्या तंतूंच्या घटकाला जाऊन चिकटतं आणि तंतू तयारच होऊ देत नाही. मग पेशी अडकते. ज्या पेशी सतत विभागतात त्यांना पहिला फटका बसतो, म्हणजे आतड्याचं अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज, केसांची मुळं. कंद खाल्ल्यावर पहिले काही तास माणूस ठीक वाटतो. हाच घात आहे, कारण घरचे म्हणतात काही झालं नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, कधी रक्तासकट, आणि शरीरातलं पाणी झपाट्याने जातं. पुढच्या काही दिवसांत रक्तातल्या पेशी घटतात, मूत्रपिंड आणि हृदय कोलमडू शकतं. त्यातून जो वाचतो त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. यावर हुकमी उतारा दवाखान्यात ठेवलेला नसतो. लवकर पोहोचणं आणि चांगली शुश्रूषा, एवढ्यावरच सगळं असतं. म्हणून कुणी चुकून खाल्लं, किंवा खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता गाडी काढायची, वेलीचा किंवा कंदाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्यायचा आणि किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगायचं.

रताळी, करांदे, कणगर ज्या खोलीत ठेवतेस तिथे कळलावीचा कंद कधीही ठेवू नकोस. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद शिजवून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. कंद उकडला म्हणून विष जात नाही.

आता तू म्हणशील, एवढं जहाल आहे तर लोक त्याच्यामागे का लागतात? त्याच कारणाने. युरोपात कळलावीच्याच कुळातलं कोल्चिकम नावाचं जांभळ्या फुलांचं एक झाड आहे. सांधे सुजून ठणकतात त्या आजारावर ते फार जुन्या काळापासून वापरात होतं. 1820 साली पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातून हे द्रव्य वेगळं काढलं. हिवतापावरचं क्विनाईन सिंकोनाच्या सालीतून काढणारेही तेच दोघे, आणि तेही त्याच वर्षी. यूरिक ॲसिडमुळे अंगठ्याचा सांधा लाल होऊन माणसाला रात्र रात्र झोप लागत नाही, त्या गाउटवर आजही डॉक्टर कोल्चिसीनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. एवढ्याशा मात्रेत ते पांढऱ्या पेशींची सुजेकडे धावणारी फौज अडवतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, म्हणून हे काम कारखान्यातल्या मोजमापाचं. पाटा-वरवंट्यावर ते कधीच होणार नाही. माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर थायोकोल्चिकोसाइड असं लिहिलं होतं. स्नायू सैल करणारं ते औषध कळलावीच्या बियांतल्या द्रव्यापासूनच बनवतात.

शेतीशीही कोल्चिसीनचा संबंध आहे, आणि तू शेतकीची विद्यार्थिनी, म्हणून सांगतो. 1937 मध्ये अमेरिकेतले ब्लेकस्ली धोतऱ्यावर प्रयोग करत होते. कोल्चिसीन दिलं की पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात पण वाटली जात नाहीत, त्यामुळे दुप्पट गुणसूत्रांचं झाड मिळतं, असं त्यांनी दाखवलं. तिथून जगभरच्या पैदासकारांच्या हाती एक नवीन हत्यार आलं. बिनबियांचं कलिंगड जपानच्या किहारांनी याच वाटेने काढलं. एकच द्रव्य माणसाच्या आतड्यात गेलं तर जीव घेतं आणि कलिंगडाच्या कोंबावर पडलं तर नवं वाण देतं. दोन्हींमागची क्रिया एकच आहे, तंतू न बनू देण्याची. हे समजलं की कळलावीबद्दलची आंधळी भीतीही जाते आणि आंधळं धाडसही.

आपल्या जुन्या वैद्यांनाही ती चांगली ठाऊक होती. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते आणि कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. सुइणी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंद उगाळून बेंबीखाली आणि तळपायांना लेप लावत आणि बाळंतीण मोकळी झाली की लगेच धुऊन टाकत. तिचं मराठी नावही तिथूनच आलं असं सांगतात. पावसाळ्यात ओढे भरून गावाचा संबंध तुटायचा तेव्हा त्या बायांजवळ दुसरं काय होतं? मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आज कुणी तुला हा लेप विचारला तर दवाखान्याचीच वाट दाखव. साप-विंचवावरही कंद उगाळून लावतात, आणि आपल्या भातखाचरांत सापाची भीती खरी आहे. तिथे तर एक मिनिटही यात घालवायचं नाही. सर्पदंशाला प्रतिविषाची लस हाच इलाज.

आता त्या व्यापाऱ्याचं. औषधाच्या कारखान्यांना मुख्यतः बी लागतं, कारण त्यात हवं ते द्रव्य चांगल्या प्रमाणात सापडतं आणि बी वाळवून साठवता येतं. कंदाला मागणी असते ती बियाणं म्हणून, नव्या लागवडीसाठी, आणि लागवडीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा कंदांचाच असतो. म्हणजे जो माणूस डोंगरातले कंद फुकटात गोळा करायला सांगतो, तो बहुधा तेच कंद दुसऱ्या शेतकऱ्याला महाग विकणार. त्याच्या फायद्यासाठी आपला डोंगर रिकामा का करायचा?

आणि रिकामा झालेला डोंगर पुन्हा भरायला फार वेळ लागतो. कंदाचा आकार बघ. दोन फाटे फुटलेल्या नांगरासारखा असतो, लांगली म्हणतात ते म्हणूनच. जुना कंद पावसाळाभर वेलीला पोसतो, स्वतः सुकतो आणि त्याच्या जागी नवा दुफाट कंद तयार होतो. डोळा असतो फक्त फाट्याच्या टोकाला. कुदळीने टोक मोडलं की तो कंद उगवतच नाही, मग कितीही जाड असो. घाईने खणणारा निम्मे कंद असेच वाया घालवतो. आणि बियापासून उगवलेल्या रोपाला पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तेव्हा एका दिवाळीआधी एक उतार खणून काढला, तर त्या उतारावर पुन्हा फुलं बघायला तुझं लग्न होऊन मूल शाळेत जायची वेळ येईल. बी पडायला तरी काही वेली राहिल्या पाहिजेत ना?

राखीव वनातून परवानगीशिवाय काही खणणं कायद्याने गुन्हा आहेच, 1927 च्या वन कायद्यानुसार. पण वन खात्याच्या भीतीने हे मी सांगत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही उघडून बघ, कळलावीची नोंद त्यात आहे का, कुठल्या कुठल्या उतारांवर आहे असं लिहिलंय. नसेल तर तू लिहून दे. शिकलेल्या पोरीने गावासाठी करण्यासारखं ते अगदी सरळ काम आहे.

आता लागवड. देशात कळलावीची खरी शेती तमिळनाडूत होते. करूर जिल्ह्यातलं अरवाकुरिची, तिरुप्पूरकडचं मूलनूर, दिंडीगलमधलं ओड्डनछत्रम हा तो पट्टा. तिथे ती राज्यफूल आहे (आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूलही तीच) आणि शेतकरी तिच्याकडे नगदी पीक म्हणून बघतात. जमीन तांबडी, निचऱ्याची, पाऊस बेताचा. पन्नास-साठ ग्रॅमचे निरोगी कंद निवडून बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवतात आणि जून-जुलैत सरी-वरंब्यावर लावतात. कोंब वर आला की आधाराला वाळक्या फांद्या आणि तारा. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं सुरू होतात आणि मग रोज सकाळी बाया ओळीने फिरतात. फुटलेल्या परागकोषाला बोट लावायचं किंवा परागकोषच खुडून घ्यायचा आणि शेजारच्या वेलीवरच्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला टेकवायचा. तो काटकोनातला बाक आठवला ना? किड्यापाखरांच्या भरवशावर ठेवलं तर शेंगा फार थोड्या धरतात. हाताने केलं तर फूल सहसा फुकट जात नाही. हे काम सकाळचंच, दुपारी नाही. लावल्यापासून पाच-सहा महिन्यांनी शेंगेचा रंग उतरतो, साल सुरकुतते. ती तडकायच्या आत खुडतात, सावलीत वाळवतात आणि आतलं लालभडक बी वेगळं करतात. कंद जमिनीतच राहतात आणि पुढची काही वर्षं तेच पीक देतात.

हे सगळं उचलून जसंच्या तसं आपल्याकडे आणलंस तर पाऊस तुला नडेल. तमिळनाडूच्या त्या कोरड्या पट्ट्यात पाणी द्यावं लागतं, आपल्याकडे वेल्ह्याच्या बाजूला पाणी काढून द्यावं लागेल. डोंगरातली कळलावी उतारावर, मुरमात, दगडांच्या फटीत का वाढते ते बघितलंस का? तिथे पाणी थांबत नाही. साचल्या पाण्यात कंद आठ-दहा दिवसांत कुजतो. म्हणून भातखाचराच्या लगतची जमीन अजिबात घेऊ नकोस. वरच्या अंगाचा उताराचा तुकडा घे, वरंबे उंच कर आणि उताराला तिरपे चर काढ. फुलं येणार श्रावण-भाद्रपदात, नेमकी झडीत. भिजलेले पराग चिकटत नाहीत. उघडीप मिळेल त्या सकाळी सगळी माणसं त्याच कामाला लावायची तयारी ठेव. मला विचारशील तर आपल्या भागात नसरापूर-कापूरहोळच्या बाजूची जमीन, जिथे पाऊस उतरत जातो, या पिकाला वेल्ह्यापेक्षा बरी. कुणाची खंडाने मिळाली तर विचार कर.

आधाराला तारेबरोबर निर्गुडीच्या वाळक्या काटक्या चालतील. ग्लिरिसिडियाचे खुंट रोवलेस तर ते जगतात आणि पालाही खताला येतो. काटक्या बारीक असू देत, पानाच्या टोकाला जाड बांबू धरता येत नाही.

एक अळी तुला नक्की भेटेल. काळं अंग, त्यावर पांढरे आणि लालसर ठिपके, आणि खाणं कळलावी-लिलीच्याच जातीची पानं. विषारी पान खाऊन ती मजेत जगते. झुंडीने येते आणि दोन-तीन दिवसांत वेलीच्या नुसत्या काड्या ठेवते. पहाटे अळ्या पानांवर सापडतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाक. थोड्या क्षेत्राला फवारणीची गरज पडू नये.

कंद हाताळताना हातमोजे घालायचे, मजुरांनाही द्यायचे. कामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला, तंबाखूला हात लावू द्यायचा नाही. बी दिसायला मण्यांसारखं सुंदर असतं आणि लहान मूल ते तोंडात घालणारच, तेव्हा वाळवण अंगणात नको, कुलपाच्या खोलीत. कंदांच्या पोत्यांवर मोठ्या अक्षरांत विष लिहून ठेव. शेताला कुंपण हवं, शेळ्या आत येता कामा नयेत.

बाजाराबद्दल मी तुला गुलाबी चित्र दाखवणार नाही. कळलावीच्या बियाचे भाव वर्षावर्षाला वर-खाली होतात. खरेदीदार मोजके आहेत आणि बाजार समितीत त्याचा सौदा होत नाही. तमिळनाडूतले शेतकरी सरकारने भाव बांधून द्यावा म्हणून मागणी करत आले आहेत, यातच काय ते समज. लावण्याआधी बी कोण घेणार हे लेखी ठरव. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी निवडलेल्या वनस्पतींत कळलावी आहे, आणि मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालतं. तू पुण्यातच शिकतेस, एक दिवस तिथे जाऊन ये. खात्रीच्या रोपवाटिकेचा पत्ता, योजना आणि खरेदीदारांची माहिती तिथेच विचार, त्या व्यापाऱ्याला नको. कंद घेशील ते लागवडीतलेच आहेत अशी पावती माग. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नकोस.

अर्धा एकर पहिल्याच वर्षी नको. दोन गुंठ्यांनी सुरुवात कर, बाकीच्या रानात नाचणी राहू दे. कंद लावायला अजून जूनपर्यंत वेळ आहे. तोवर दोन कामं उरक. तू निवडलेल्या तुकड्यातली माती तपासायला दे आणि अहवाल आला की मला पाठव. आणि पुढच्या मोठ्या पावसात त्या तुकड्यावर जाऊन उभी राहा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, किती वेळ थांबतं ते वहीत लिही. ओढ्याच्या अंगाला पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं तर ती बाजू सोडून वरच्या अंगाला आखणी करू. दिवाळीला येशील तेव्हा फूटपट्टी आणि दोरी घेऊन दोघं रानात जाऊ.

तुझे,
आबा